गाठ ओढून पाहणारी जिजी

जिजी स्वतः कधी गाठ मारायची नाही, आणि दुसऱ्यानं मारलेली गाठ ओढून पाहिल्याशिवाय पुढं जायची नाही.

अंबडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिच्या घरात आम्ही भाड्यानं राहायला गेलो, त्या पहिल्या दिवशीच मला हे कळलं. सामानाचं गाठोडं मी ओट्यावर ठेवलं होतं. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पुढं आली, गाठोड्याची गाठ दोन बोटांत धरली आणि हिसका दिला. गाठ सुटली. माझी दोन पातळं, तवा, पोळपाट, सगळं ओट्यावर पसरलं. गल्लीतले लोक बघत होते. मी लाजेनं अर्धी झाले.

"ही काय गाठ हाय का?" ती म्हणाली. "बांध पुन्हा."

मी बांधली. तिनं ओढली. या वेळी टिकली.

"हां. आता ये आत."

ती आमची घरमालकीण. सगळी गल्ली तिला जिजी म्हणायची, मीही म्हणू लागले. उंच, सुकलेली, पांढरं पातळ नेसणारी. तिच्या घरात काही बांधलेलं नसायचं. ज्वारीच्या पोत्याचं तोंड दुमडून वर दगड ठेवलेला. केसांना आकडे. परकराला नाडी नव्हती, इलास्टिक होतं, आणि ते घालून घेताना म्हाताऱ्या शिंप्यानं तिला पुष्कळ छळलं होतं म्हणे. तिची शेळी मोकळीच हिंडायची. ती हटकून कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन बसायची. शिपाई ओरडायचा, "जिजे, तुझी शेळी तारखेला आली बघ!" मग जिजी मला हाक मारायची. शेळी मी आणायची, रात्रीपुरतं दावं मी बांधायचं, आणि जिजी ते ओढून पाहायची.

माझे मालक मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. पोत्यांची तोंडं शिवायचे. दुपारी जेवायला आले की जिजी त्यांना विचारायची, "आज किती सुटली?" ते हसून म्हणायचे, "एकबी न्हाई, जिजी." ती म्हणायची, "हसू नको. सुटायच्या आधी समद्या बांधलेल्याच असत्यात."

बारशाला गेली की पाळण्याच्या दोऱ्यांना लोंबकळून पाही. पोरींच्या रिबिनी रस्त्यात थांबवून ओढी. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात भटजींनी नवरानवरीच्या शेल्यांची गाठ मारली, आणि ही मांडवातून उठली, सरळ बोहल्यावर गेली, आणि सगळ्यांदेखत ती गाठ ओढली. गाठ सैल होती, सुटली. नवरीची आई रडायलाच लागली. जिजी भटजींना म्हणाली, "रडायला काय झालं हिला? आत्ता सुटली ते बरं झालं की न्हाई? मारा आता बराबर." भटजींनी रागारागानं अशी आवळली, की घरी गेल्यावर शेला कापावा लागला. ती दोघं अजून नांदतात. भांडण झालं की ती बाई म्हणते, "काय करू, जिजीनं आवळून ठेवलंय."

लोक तिला येडी म्हणायचे. मी बोलत नसे. तसंही मी कुणाशीच फार बोलत नसे. दुसरी एक गोष्ट माझ्या आपोआप ध्यानात आली होती. तिच्या घरात उघडं पाणी नसायचं. घागरीवर ताट, बादलीवर पाट. आंघोळ करताना तांब्या भरून घ्यायची तो डोळे मिटून. पावसात गल्लीत डबकं साचलं, तर भिंतीला हात लावून, तोंड फिरवून जायची.

समोरच्या घरातल्या खालानं एकदा मला ओट्यावर बसवून सांगितलं. "बेटी, उसको कुछ बोलना मत. एकच बच्चा था उसका. बावडी में गया. तैरना सिखते सिखते." एवढंच सांगून खाला उठून आत गेली.

ते गाव धावड्याच्या बाजूला. जिजीचं सासर. नवरा त्यानंतर तिच्याशी कधी बोलला नाही. पाच-सहा वर्षांनी तोही गेला, आणि ही अंबडला बापानं दिलेल्या घरात येऊन राहिली.

आमच्याकडं विहिरीच्या काठाला सात दगड मांडून शेंदूर लावतात. त्या साती आसरा. पाण्यातल्या बाया. पाण्यानं नेलेलं लेकरू त्यांच्यापाशी असतं म्हणतात. आईनं आपल्या हातानं पाण्यात त्यांची ओटी भरायची, खण, नारळ, तांदूळ, सात हिरव्या बांगड्या. मग त्या लेकराला आपलं म्हणतात. तोवर ते दारात उभंच. जिजीनं पहिल्या वर्षी जावेला पाठवलं होतं. जाऊ म्हणाली, नारळ ढकलला की काठाला परत येतो. दुसऱ्याच्या हातची घेत नाहीत. जिजीचा पाय मात्र त्या विहिरीकडं उचलला नाही. त्या नाही, कुठल्याच.

हे तिनं मला स्वतः सांगितलं, पण फार पुढं, काशीच्या बसमध्ये.

माझा थोरला दहावीला होता त्या साली अंबडहून यात्रेची बस निघाली. काशी, अयोध्या आणि वर नेपाळ. आचारी, गॅस, कढया सगळं बसच्या टपावर. सासूबाईंची जागा धरलेली होती आणि निघायच्या आठवड्यात त्यांचा पाय मोडला. जागा वाया जाऊ नये म्हणून मला बसवलं. मी राजूरच्या गणपतीच्या पलीकडं एकटी कधी गेले नव्हते. शेजारच्या जागेवर कोण, तर जिजी. मांडीवर एक फडकं. त्यात खण, नारळ, तांदूळ, सात बांगड्या. मला म्हणाली, "हे बांध." मी बांधलं. तिनं ओढून पाहिलं आणि पोटाशी धरलं. सगळ्या वाटेभर ते तसंच होतं.

"लेकराचं राह्यलंय," ती खिडकीकडं बघत म्हणाली. "मी मेल्यावर कोण भरंल? आता गंगाच हाय. तिथं तरी व्हईल."

गंगेवर झालं नाही. सगळ्या बाया बुड्या मारत होत्या. काशीला आलं की आवडीचं काहीतरी सोडायचं असतं, तर कुणी कारलं सोडत होतं, कुणी दोडकं, आणि एकमेकींना हसत होत्या. जिजी घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर पाण्याला पाठ करून बसली होती. मी खाली जाऊन तांब्याभर पाणी आणलं. तिनं डोळे मिटून हात पुढं केला, ओंजळ डोक्यावर घेतली. फडकं मांडीवर तसंच. दोन वेळा उठली. एकदा तीन पायऱ्या उतरली. मग मटकन बसली आणि तोंडाला पदर लावला.

बसमध्ये आल्यावर तिनं आचाऱ्याला विचारलं, "पुढं कुठं पाणी हाय का रे?"

"नेपाळात तळं हाय, माय. पोखऱ्याला. लई मोठं."

"मंग ते शेवटलं."

पोखऱ्याला आम्ही संध्याकाळी पोचलो, तेव्हा ढग होते, काही दिसलं नाही. सकाळी धर्मशाळेच्या बाहेर आले आणि मला वाटलं, आभाळात कुणी मीठ ओतलंय. एवढे पांढरे डोंगर मी चित्रातही पाहिले नव्हते. त्यांच्या खाली हिरवे डोंगर, आणि त्यांच्या खाली तळं. तळ्याच्या मधोमध झाडांनी भरलेलं छोटंसं बेट, त्यावर देवीचं देऊळ. होडीशिवाय जाता येत नाही. काठाला रंगवलेल्या लाकडी होड्या रांगेनं लावलेल्या. गोरी माणसं पाठीवर मोठमोठी ओझी घेऊन फिरत होती. दुकानांच्या पाट्यांवर उडणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या, पाण्यात उड्या मारणाऱ्या माणसांची चित्रं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण तिथली अक्षरं आपल्यासारखीच, बरंच वाचता येत होतं. जिजीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "यांला घरी कामं न्हाईत का?"

तळ्याकडं ती पाहत नव्हती. मान वर करून डोंगराकडंच पाहत होती. त्यामुळंच तिला त्या छत्र्या आधी दिसल्या. उंच डोंगरावरून माणसं निघत, डोक्यावर लाल, पिवळ्या, निळ्या लांबट छत्र्या, आणि घारीसारखी गरगर फिरत तळ्याकाठच्या गवतात उतरत.

आमच्या बसमधले एक किराणावाले भाऊ होते, सारखे चेष्टा करायचे. ते म्हणाले, "काय जिजी, उडता का? तुमच्या नावानं एक छत्री सांगू?"

"आधी तुझ्या करदोट्याची गाठ दाखव," जिजी म्हणाली.

सगळे हसले. भाऊ पोटावर हात ठेवून मागं सरकले, कारण तिचा भरवसा नव्हता.

पण जिजी हसली नाही. ती त्या उतरायच्या रानाकडं चालायला लागली. मी मागं मागं. एक माणूस नुकताच उतरला होता. नेपाळीच, कानशिलाला पांढरे केस, उन्हानं भाजलेला. छत्री गवतावर पडली होती आणि तिच्यापासून त्याच्या खांद्यापर्यंत दोऱ्याच दोऱ्या, बारीक बारीक, मोजता येणार नाहीत इतक्या. जिजी सरळ त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या खांद्यावरची एक दोरी धरून ओढली. मला वाटलं, तो ओरडणार. तो उभा राहिला. तिनं दुसरी ओढली. तिसरी ओढली. तो तसाच उभा, जरा वाकला, म्हणजे तिचा हात पुरावा.

"ये गाठ कोन मारता?" जिजीनं आपल्या हिंदीत विचारलं.

"मैं ही, अम्मा."

"तेरे माय को मालूम है?"

तो हसला. "माँ ने कभी देखा नहीं."

"मत दिखाना." ती थोडा वेळ त्या दोरीकडंच पाहत राहिली. बोटांनी चोळून पाहिली. "ये तो नायलान है. पानी में ये सुटती है. तळे में गिऱ्या तो?"

"छूटेगी नहीं, अम्मा. मैं बाँधता हूँ, मेरा साथी देखता है. वो बाँधता है, मैं देखता हूँ. रोज. अपनी बाँधी गाँठ अपने को तो ठीक ही लगती है."

जिजीनं दोरी सोडली. त्याच्या खांद्यावर हात फिरवला, जसा बैलाच्या खांद्यावर फिरवतात तसा, आणि वळली. गवताच्या कडेला एक दगड होता, त्यावर बसली. मीही खाली बसले.

"माझी कुणी पाह्यली न्हाई गं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पोरं पोहायला शिकतात तेव्हा पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधतात. तिच्या लेकरालाही बांधायचे, अंबाडीच्या दोरीनं. ती दोरी टोचते. त्याच्या काखेत, छातीवर लाल वळ उठले होते. रात्री ती त्याला खोबरेल लावायची आणि तो कण्हायचा. बाजारात तेव्हा नायलॉनची दोरी नवीन आली होती. निळी, मऊ, गुळगुळीत. तिनं ती आणली. त्या दिवशी डबा तिनं स्वतःच्या हातानं बांधला. तो म्हणाला, आई, ही बिलकुल टोचत न्हाई.

"अंबाडी ओली झाली की फुगती. गाठ आवळून बसती," जिजी म्हणाली. "नायलान ओलं झालं की सरकतं. आमच्या घरात कुणाला म्हाईत व्हतं? दोन पिढ्या समदे अंबाडीच वापरीत आल्ते. डबा वर आला. गाठ सुटलेला. तो न्हाई आला."

छत्र्या उतरत होत्या. आम्ही दोघी बसून राहिलो.

दुपारी सगळे होड्यांपाशी जमले. होडीवाला एकेकाला फुगीर, नारिंगी बंड्या देत होता. बुडू नये म्हणून घालायच्या. त्यांना पुढून बंद होते बांधायला. मी घातली. होडीवाल्यानं माझे बंद घाईघाईनं सुरगाठीत अडकवले आणि पुढच्या बाईकडं वळला. बंद नायलॉनचे होते. निळेच.

"थांब," जिजी म्हणाली.

तिनं ओढलं. सुरगाठ सुटली. मला वाटलं, आता म्हणेल, बांध पुन्हा. पण तिनं आपल्या सुती पातळाचा काठ दातांत धरला आणि टर्रकन फाडला, हातभर लांब. मग ती पट्टी घेऊन काठाला गेली. वाकली. पाण्याकडं पाहिलं. डोळे उघडे होते. त्या पाण्यात पांढरा डोंगर उलटा दिसत होता, आणि पट्टी पाण्याला लागली तेव्हा सगळा डोंगर हलला.

ओली पट्टी आणून तिनं माझ्या छातीवर नायलॉनच्या बंदावरून फिरवली आणि गाठ मारली. एकावर एक, तीन. मी इतक्या वर्षांत तिला गाठ मारताना पाहिलं नव्हतं. तिची बोटं विसरली नव्हती.

"बघ," ती म्हणाली.

मी ओढून पाहिली. टिकली.

"आता मला बांध." काठाची दुसरी पट्टी फाडून दिली. मी बांधली, आणि माझी गाठ तिनं ओढून पाहिली.

होडीत बसताना बसमधली एक म्हातारी दुसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "रांडमुंड बाईनं ओटी भरायची? देवीला चालंल का?"

जिजी म्हणाली, "मी देवीची भरत न्हाई, बाई. माझ्या लेकराला सांभाळत्यात त्यांची भरायलेय. तुझ्या लेकराला कोण सांभाळतं, मला काय करायचं?"

होडी निघाली तेव्हा तिनं माझा दंड धरला. पुढं चार दिवस तिथं काळंनिळं होतं. आसरा विहिरीतल्या, तिकडं लांब, धावड्याच्या बाजूच्या. मला राहवलं नाही, मी हळूच म्हटलं, "जिजी, इथं चालंल का?"

"पाणी समदं एकच," ती म्हणाली. "त्या काय एका विहिरीला बांधलेल्या हायत?"

मध्यावर आल्यावर तिनं होडीवाल्याला हात केला. त्यानं वल्हं थांबवलं. मी फडक्याची गाठ सोडली. तिनं एकेक बांगडी पाण्यात सोडली. मग तांदूळ. मग खण, तो पसरला आणि हळूहळू खाली गेला. शेवटी नारळ. तिनं हात लांब करून तो ढकलला. नारळ थोडा पुढं गेला आणि होडीला परत येऊन लागला. टक्.



तिनं पुन्हा ढकलला. परत आला. टक्.

जिजी कडेवर पार वाकली. मी मागून तिची बंडी दोन्ही हातांनी धरली. तिनं नारळ हातात घेतला, आणि पाण्यावर तसाच धरून ठेवला, न्हाऊ घालताना मूल धरतात तसा, एक हात खाली, एक वर.

"मीच हाय रे," ती म्हणाली. "मायच हाय. उशीर झाला. टोचू नये म्हणून केलतं, बाळा. जा आता. आत घेतील तुला."

आणि तिनं हात खालून काढून घेतले. होडीवाल्यानं काय केलं मला दिसलं नाही, त्यानं वल्हं मारलं की वाराच फिरला. नारळ मागं मागं जाऊ लागला. तो दिसेनासा होईपर्यंत ती पाण्याकडंच पाहत होती.

देवळातून काठाला परत आलो, तर माझ्या बंडीची गाठ कुणाला सुटेना. होडीवाला चाकू घेऊन आला. जिजीनं त्याचा हात धरला. दातांनी, नखांनी, डोक्यातला आकडा घालून, तिनंच ती सोडवली. मागं लोक खोळंबले होते, भाऊ म्हणत होते, "चला जिजी, जल्दी." ती सोडवत राहिली.

मला वाटलं होतं, आता जिजी बदलेल. बसमध्ये बसल्यावर तिनं कपड्यांचं बोचकं माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाली, "बांध." मी बांधलं. तिनं ओढून पाहिलं. ती पुन्हा कधी गाठ मारताना मला दिसली नाही. पोती दगडाखालीच राहिली, शेळी कोर्टातच. घरी आल्यावर एवढंच झालं, की बादलीवरचा पाट गेला.

पुढं आम्ही जालन्याला आलो. तिच्याकडं जाणं कमी झालं. मी बोलण्यात कच्ची, निरोप पाठवणंही मला जमत नसे. ती गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं. मी गेले तर घराला कुलूप. खालानं आपलं दार उघडून मला आत घेतलं आणि म्हणाली, "आखिर तक पूछती थी. वो गाठवाली बेटी नहीं आई?"

त्यानंतर मी एकदा धावड्याच्या बाजूला त्या विहिरीवर गेले. का गेले सांगता येत नाही. लेकराची ओटी भरून झाली होती. पण तिच्याकडून कुणी येऊन त्याला सांगायला नको का, की ती आता येणार नाही, की तीही तिकडंच आली असेल? सात दगड होते. शेंदूर उडाला होता. विहिरीत पाणी नव्हतं. तळाशी भेगा, वाळकं गवत आणि एक फुटकी घागर. पाणी सगळं एकच, ती म्हणाली होती, पण इथं पाणीच नव्हतं.

बाटलीतलं पाणी मी सात दगडांवर ओतलं. तिच्या नावानं आणलेली ओटी वरून टाकली असती तर बांगड्या फुटल्या असत्या. म्हणून खण, नारळ, तांदूळ, बांगड्या फडक्यात घेतल्या. शेजारच्या शेतातून अंबाडीची दोरी मागून आणली, ती भिजवली, आणि फडक्याला बांधली. गाठ मारून झाली, आणि सवयीनं मी ते गाठोडं मागं धरलं, कुणीतरी ओढून पाहील म्हणून.

मागं कुणी नव्हतं. उन्हात नुसता बांध होता.

मग मीच ओढून पाहिली. मला ती ठीकच वाटली. दोरी धरून मी गाठोडं हळूहळू खाली सोडत गेले.